शिओमी आणि चिदोरीचा किल्ला

शिओमी काझुनारीला आमच्या गावात लोक ओळखायचे ते ऑक्टोपस साफ करणारा माणूस म्हणून. आकाशीच्या बंदरामागे उओन्ताना नावाची मासळीची गल्ली आहे, तिथे त्याच्या मामाचं दुकान होतं. दुपारी बोटी लागल्या की शिओमी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून मोरीशी उभा राहायचा आणि मीठ लावून ऑक्टोपस चोळायला घ्यायचा. बोलणं बेताचंच. एखाद्या बाईने "ताजा आहे ना?" असं विचारलं, तर टोपलीच्या काठावरून बाहेर सरपटणाऱ्या ऑक्टोपसकडे तो नुसतं बोट दाखवायचा. अडतिशीचा, रुंद खांद्यांचा, बिनलग्नाचा माणूस. तो कधीकाळी शोगी खेळायचा, एवढं गल्लीला माहीत होतं. का सोडलं, हे त्याला कुणी विचारत नसे. एकदा कुणीतरी विचारलं होतं, आणि त्या माणसाला पुढे वर्षभर मासे दुसरीकडून घ्यावे लागले.

माझा त्याच्याशी संबंध आला तो माझ्या बायकोमुळे. मी हिरासे यासुजी, तेव्हा शहराची बस चालवायचो. बायको मिदोरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होती. कुठल्या भागात पाण्याचा दाब किती ठेवायचा, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडणं हे तिचं काम. घरी आल्यावर ती त्याच बोटांनी दुसरंच काहीतरी मांडायची. तिने शोगी खेळणारा एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव चिदोरी. आमच्या किनाऱ्यावर तुरुतुरु धावणारा एक चिमुकला पक्षी असतो, त्याच्यावरून. शोगी म्हणजे आमच्याकडचं बुद्धिबळ. त्यात मारलेली सोंगटी मरत नाही, ती मारणाऱ्याच्या हातात जाते आणि पुढे कधीही त्याच्या बाजूने पटावर उतरते. त्यामुळे डाव जसजसा पुढे जातो तसा गुंता वाढत जातो. आणि त्या गुंत्यात चिदोरी चांगली पोहायची. शेवटी शेवटी तर ती मला भीतिदायक वाटायची. मात कुठे आहे हे तिला माणसाच्या कितीतरी आधी दिसायचं. मात सापडली की मशीनमधून एक घंटी वाजायची, आणि मिदोरी स्वयंपाकघरातून हातातलं टाकून धावत यायची.

रडकथा होती ती सुरुवातीची. डाव सुरू होतो तेव्हा मारामारी नसते, कुणी काही गमावत नाही, कमावत नाही. चिदोरी तर सोंगट्यांची किंमत मोजूनच चाल ठरवायची. मोजायलाच काही नसलं की सगळ्या चाली तिला सारख्याच. मग ती सोनं एक घर पुढे न्यायची, पुन्हा मागे आणायची. सोनं आणि रुपं हे आमच्या खेळातले राजाभोवती उभे राहणारे सरदार. ते असे येरझारा घालायचे आणि राजा मधोमध उघडा बसलेला असायचा. मिदोरीने तिला मोठ्या खेळाडूंच्या सुरुवाती पाठ करायला दिल्या. पण समोरच्याने पाचव्या-सहाव्या चालीलाच पुस्तकाबाहेरचं काहीतरी केलं, की चिदोरीचं पाठांतर संपलं, आणि सोनं पुन्हा येरझारा घालायला मोकळं.

"मला माणूस हवाय," मिदोरी एकदा जेवताना म्हणाली.

"मी आहे की."

"ज्याला खेळता येतं असा."

समाजमंदिरातल्या शोगीच्या खोलीत चौकशी केल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांनी तिला सांगितलं, मासळीच्या गल्लीत एक आहे, ओसाकाला होतकरू खेळाडूंच्या शाळेत पार वरच्या पायरीपर्यंत गेलेला. पण त्याच्याकडे जाऊ नका, मासा फेकून मारेल.

मिदोरी गेली. मी बरोबर होतो, पिशवी धरायला.

"मी खेळत नाही," शिओमी मान वर न करता म्हणाला.

"तुम्ही खेळायचं नाहीच आहे. माझं मशीन खेळतं. फार वाईट खेळतं."

"किती वाईट?"

मिदोरीने कागदावर छापून आणलेला एक डाव त्याच्यापुढे धरला. हातातला सुरा खाली न ठेवताच त्याने तो वाचला. ओळीमागून ओळ डोळे सरकत होते. मग तो हसला. गल्लीतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या, कारण त्याला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"हे कोण खेळलंय? हे तुमचे मिस्टर?"

"नाही हो. प्रोग्राम."

त्याने माझ्याकडे एक नजर टाकली. "शोभलं असतं," म्हणाला.

बुधवारी गल्लीतली दुकानं बंद असायची. पुढच्या बुधवारी संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला, धुतलेला शर्ट घालून आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मासा घेऊन. त्यानंतर दर बुधवारी येत राहिला. शोगी त्याने पुन्हा सुरू केली, असं त्याला कुणी म्हटलेलं खपायचं नाही. "मी खेळत नाहीये. त्या बयेला शिस्त लावतोय."

त्याने पहिलं काय केलं असेल, तर पाठांतर बंद पाडलं.

"चाली पाठ करून काय होणार?" तो मिदोरीला म्हणाला. "समोरचा ऐनवेळी वाकडा चालला की संपलं. आम्हाला लहानपणी चाली नाही शिकवल्या, आकार शिकवला. राजा कुठे बसणार, त्याच्या डोक्यावर कोण, कडेला कोण. आकार डोळ्यात बसला की वाट कुठलीही चालते."

"आकार मशीनला कसा सांगू? तिला आकडे लागतात."

"मग आकडे द्या."

त्यांनी मोठ्या कागदावर पटाची एक्याऐंशी घरं आखली. राजाभोवतीच्या अशा आकाराला किल्ला म्हणतात; एका किल्ल्यासाठी प्रत्येक सोंगटीचा एक वेगळा नकाशा. सोन्याने अमुक घरात असावं. तिथे सगळ्यात जास्त गुण, शेजारच्या घरात थोडे कमी, लांबच्या घरात उणे. रुप्याचा नकाशा वेगळा, राजाचा वेगळा. आमच्या जेवणाच्या टेबलावर असे कागद पसरलेले असायचे आणि मला चहा गुडघ्यावर ठेवून प्यावा लागायचा. आता मारामारी नसली तरी चिदोरीला मोजायला काहीतरी मिळालं. सरदार आपापल्या घरांकडे चालायला लागले. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःहून पुरा किल्ला बांधला त्या दिवशी मिदोरीने टाळ्या वाजवल्या. शिओमी मात्र पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाला, "राजा आधी आत जाऊन बसला, मग भिंती आल्या. खऱ्या डावात मधल्या वेळात मारला असता." मग नकाशात फेरफार. राजाने घाई करू नये म्हणून त्याचे गुण उशिरा मोजायचे. मग किल्ला झाल्यावर चिदोरी आतच बसून राहायला लागली. बाहेर पडलं की गुण जातात ना. मग तिला हल्ल्याचेही नकाशे लागले. एक दुरुस्त केलं की दुसरं उसवायचं. दोघांची त्यावरून भांडणं व्हायची, आणि मी मधून मधून चहा ओतायचो.

मे महिन्याच्या सुट्ट्यांमध्ये तोक्योच्या बाजूला प्रोग्रामांची स्पर्धा भरायची. एक मोठा हॉल, लांबच लांब टेबलं. प्रत्येक मशीनच्या मागे एक दोन माणसं, आपल्या मुलाला शर्यतीत उतरवल्यासारखी घामाघूम. आम्ही तिघंही गेलो. पहिले दोन डाव चिदोरी जिंकली. समोरच्यांची सुरुवात तिच्यासारखीच, पूर्वीच्या तिच्यासारखी, भरकटलेली होती. तिसऱ्या डावात समोरच्या मशीनने उजव्या कडेने रुपं चढवत आणलं. सरळ हल्ला. आणि चिदोरी आपला राजा शांतपणे त्याच कडेला घेऊन निघाली, कारण नकाशात त्याचं घर तिथे होतं. एकेक घर करत राजा आपल्या पायांनी मारेकऱ्यांच्या दारात गेला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला जमली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

मिदोरीचा चेहरा उतरला. "मूर्ख आहे," ती पुटपुटली.

"मूर्ख कशाने?" शिओमी म्हणाला. "सांगितलेलं ऐकते, एवढंच. सांगितलेलं ऐकलं की काय होतं ते मला विचारा."

तसं तो सहज बोलून गेला. पण परतीच्या गाडीत डबे उघडल्यावर मिदोरीने खरंच विचारलं. मला वाटलं, आता आमचेही मासे बंद. पण तो सांगायला लागला, खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तसा.

ओसाकाच्या त्या शाळेत एक अट असते. सव्वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत चौथी पायरी गाठली तर तुम्ही व्यावसायिक खेळाडू, नाहीतर घरी. शिओमी अकराव्या वर्षी तिथे गेला होता. त्याचे गुरू कोबाता सेन्सेई, अवाजी बेटावरचे. सव्विसावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना शिओमीचा शेवटचा डाव होता. जिंकला तर चौथी पायरी. तो आयुष्यभर एकच सुरुवात खेळत आला होता. हत्ती डावीकडे न्यायचा आणि तिथून मारामारी करायची. आदल्या संध्याकाळी सेन्सेईंचा फोन आला. उद्या हत्ती हलवू नकोस. जागेवर ठेव आणि डावीकडे मोठा किल्ला बांध.

"मी म्हटलं, सेन्सेई, ते माझं खेळणं नाही. ते म्हणाले, उद्या ते खेळ. आणि फोन ठेवला."

"मग?"

"मग खेळलो. हरलो." त्याने डब्यातलं लोणचं चावलं. "हरल्यावर समोरच्यासोबत बसून डाव पुन्हा मांडायचा असतो, कुठे काय चुकलं ते बघायला. रीत आहे तशी. मी नाही बसलो. वाकलो, उठलो, चपला घातल्या. सेन्सेईंनी मला लहानपणी एक पट दिला होता, तो दुसऱ्या दिवशी बोटीने परत पाठवला. त्यानंतर त्यांचं तोंड पाहिलं नाही."

"किती वर्षं झाली?"

"बारा."

अवाजी बेट आमच्या बंदरावरून असं दिसतं की तिथल्या घरांवरची कौलंही मोजता यावीत. बोटीने वीस मिनिटं लागतात. शेजारी तर नुकताच जगातला सगळ्यात लांब झुलता पूल उभा राहिला होता. शिओमी रोज मोरीशी उभा राहून दुपारभर त्या बेटाकडे पाठ करून ऑक्टोपस चोळायचा.

मिदोरीला त्या हकिकतीतून भलतंच काही हवं होतं. पाण्याच्या खात्यातली बाई ती. गळती कुठे आहे, एवढंच तिला दिसतं. बाधा लागलेल्या माणसासारखी ती पुढचे काही महिने त्याच्या मागे लागली. चिदोरीला नेमकं तेच येत नव्हतं: किल्ला अर्धा बांधून झालाय, समोरून हल्ला सुरू झालाय, अशा वेळी बांधत राहायचं की सोडून द्यायचं? अशा डावांचे नमुने तिला हवे होते, आणि शिओमीचा शेवटचा डाव तसाच होता.

"तुम्हाला तो आठवत असेल," ती म्हणायची.

"नाही आठवत."

"खोटं."

"माझं खोटं, तुम्हाला काय त्रास?"

"चिदोरीला त्रास. ती पुन्हा राजाला घेऊन कसायाच्या दारात जाईल."

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तो आला, बूट काढले आणि मशीनपुढे बसला. एका बोटाने चाली भरायला लागला. त्याची, समोरच्याची, त्याची, समोरच्याची. कुठेही अडला नाही. मिदोरी दाराशी उभी राहून बघत होती, पण जवळ गेली नाही. संपल्यावर तो म्हणाला, "पहिल्या चाळीस चाली घ्या. पुढचं सगळं राख आहे."

मिदोरीने चिदोरीला डाव पहिल्यापासून वाचायला लावला. प्रत्येक चालीशी ती कोण वरचढ आहे त्याचा आकडा दाखवायची. चाळीस चालींपाशी थांबवायचं होतं. पण त्या दिवशी मी घरी होतो आणि अंड्यात घोळवलेले ऑक्टोपसचे गोळे केले होते, ते गार झाले की काही खरं नाही. मी दोघांना टेबलाशी बोलावलं. मशीन तसंच चालू राहिलं.

आम्ही खात असतानाच घंटी वाजली.

मिदोरी सवयीने उठली. पडद्याकडे बघून तशीच उभी राहिली. "शिओमी-सान," ती म्हणाली, "इकडे चाल कुणाची आहे?"

"कुठे?"

"नव्वदीच्या पुढे. तुमची आहे ना? ती म्हणतेय मात आहे."

"त्याची असेल. हरलो मी होतो."

"तुमची आहे. तुम्ही मात देताय."

"मशीन चुकलंय."

तो हात पुसत गेला. बघितलं. मग आमचा खरा पट मागितला, लाकडी, पातळसा, मिदोरीच्या वडिलांचा. त्यावर सोंगट्या मांडून तो गुडघे टेकून बसला. पहिली चाल हत्ती देऊन टाकायची होती. सबंध हत्ती, फुकट. नंतर शह, पुन्हा शह, राजा पळतोय, घोडा उतरवायचा, पुन्हा शह. त्याने सगळ्या पळवाटा एकेक करून मांडून पाहिल्या. पुन्हा पहिल्यापासून मांडल्या. चिदोरी चुकली नव्हती. शेवटाच्या बाबतीत ती कधीच चुकत नसे.

"मी तिथे काय केलं होतं माहितीये?" तो म्हणाला. "हत्ती वाचवला."

त्याने हत्ती उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवला.

"आणि सुरुवात?" त्याने विचारलं. "चाळीस चालींवर काय आकडा होता?"

मिदोरीने मागे जाऊन बघितलं. "तुम्ही वरचढ होतात. फार नाही, थोडे. मात होती त्या वेळीसुद्धा किल्ल्यातली एकही सोंगटी हललेली नाहीये. बघा ना, सगळे जागेवर आहेत."

त्याने बघितलं. दोन सोनी, रुपं, कडेचा भाला, मध्ये राजा. सगळे सेन्सेईंनी सांगितलेल्या घरांत. त्याने सोंगट्या डबीत भरल्या, मोजून, झाकण लावून. जेवण अर्धं टाकून तो निघून गेला.

पुढचे दोन तीन बुधवार तो आला नाही. गल्लीत दिसायचा. मोरीशी उभा. मी बस घेऊन बंदरावरून जाताना हॉर्न वाजवला तरी बघायचा नाही. मग नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो माझ्याच बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभा राहिला.

"अवाजीची बोट सकाळी किती वाजता असते?"

त्या बेटाकडे पाठ करून जगणारा माणूस मला बोटीची वेळ विचारत होता. मी सांगितली.

"तुमची सुट्टी कधी?"

"रविवारी. का?"

"चला बरोबर. तिसरा माणूस असला की बरं पडतं. बोलावं लागत नाही."

रविवारी वारा होता, सामुद्रधुनीत पाणी खवळलेलं. शिओमीने बर्फात घातलेला तांबड्या जातीचा मोठा मासा आणला होता. बोटीत तो पुलाच्या खांबांकडे बघत बसला. इवाया बंदरावर उतरल्यावर त्याला रस्ता विचारावा लागला नाही. चढणीच्या गल्लीने वर गेलो. वरच्या वाफ्यात एक म्हातारा ओणवा होऊन कांद्याची रोपं लावत होता.

"सेन्सेई," शिओमी म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वळवली, डोळ्यांवर हात धरला. "कोण?"

"शिओमी."

"असं." ते पुन्हा ओणवे झाले. "आलाच आहेस तर ती जुडी घे. त्या सरीत लाव. पाय बघून ठेव, तिथे लावलेली आहेत."

शिओमीने मासा माझ्या हातात दिला आणि बूट काढून वाफ्यात उतरला. मी कडेला दगडावर बसलो. दोघं पाठीला पाठ करून रोपं लावत होते.

"वाकडी लावू नकोस."

"नाही लावत."

"वाकडी आहेत. मला इथून दिसतंय."

थोड्या वेळाने शिओमी मातीकडे बघत म्हणाला, "सेन्सेई, त्या डावात मात माझ्या हातात होती."

"होती. हत्ती देऊन."

शिओमीचे हात थांबले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. तुझ्यासमोर बसलेला होता ना, त्याचा फोन आला. रडत होता बिचारा. म्हणाला, मी हरलेला डाव जिंकलोय. हत्ती टाकला असता तर मी मेलो होतो. शिओमी उठून गेला, नाहीतर बसून दाखवलं असतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? दोष माझा नाही, तुझाच आहे, असं? ज्या पोराचं सगळं गेलंय त्याला? तुझ्या मामाला फोन केला होता मी. तो म्हणाला, पोरगा तुम्हाला शिव्या देतो आणि काम करतो. म्हटलं, मग बरं आहे. चालू दे."

"बारा वर्षं?"

"मी आठ वर्षांनी सांगणार होतो." कोबाता सेन्सेईंनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "तेवढ्यात भूकंप झाला, घर पडलं, त्यात राहिलं. मग वाटलं, आता काय. आणि खरं सांगू का, तू पट परत पाठवलास ना, त्याचा मला राग आला होता. तोही राग बरीच वर्षं पुरला."

शिओमीने पुढचं रोप खोचलं. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण ते रोप त्याने तिरपंच लावलं, आणि म्हातारा काही बोलला नाही.

"त्या संध्याकाळी तुम्ही हत्ती हलवू नको का म्हणालात?"

"अरे, तुझं डावीकडचं खेळणं समोरच्याने पाठ करून ठेवलं होतं. महिनाभर तेच घोकत होता, मला बाहेरून कळलं होतं. तू नेहमीचं खेळला असतास तर जेवणाच्या सुट्टीआधी आडवा झाला असतास. म्हणून म्हटलं, भलतंच खेळ."

"हे फोनवर सांगायचं होतं."

"हो. सांगायला हवं होतं," सेन्सेई म्हणाले. "मला वाटलं, सांगितलं तर तू घाबरशील. तू मुळातच घाबरट होतास. बोटीवर उलट्या करायचास."

दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात तिघांनी मासा खाल्ला. म्हाताऱ्याची बायको गेली होती, पण भांडी लख्ख होती. शिओमीने त्यांना चिदोरीविषयी सांगितलं. नकाशे, गुण, आपल्या पायांनी मरायला गेलेला राजा. कोबाता सेन्सेई ऐकत ऐकत एकदम ठसकले. "म्हणजे प्रत्येक वेळी तोच किल्ला बांधते?"

"हो."

"मग तिला हरवणं काय अवघड आहे? मागच्या वर्षी एकाने बघितलं की पुढच्या वर्षी दहाजण घोकून येतील."

शिओमीने चॉपस्टिक खाली ठेवल्या. मला वाटतं, हे त्याला स्वतःला सुचायला हवं होतं, आणि नेमकं ते सांगायला सेन्सेई लागले, याची त्याला थोडी लाजही वाटली आणि थोडी मजाही.

पुढच्या बुधवारपासून आमच्या टेबलावर पुन्हा कागद पसरले, पण आता कितीतरी जास्त. एकाऐवजी पाच किल्ल्यांचे नकाशे. समोरचा कुठल्या बाजूला सोंगट्या गोळा करतोय, ते बघून चिदोरीने किल्ला निवडायचा, आणि हल्ला लवकर आला तर अर्धवट भिंती टाकून राजाला दुसरीकडे न्यायचं. दोन किल्ले सारखेच योग्य वाटले तर त्यातला एक चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, म्हणजे कुणी घोकून आलं तरी पंचाईत. मिदोरी आणि शिओमी यांची भांडणं आता मोठ्या आवाजात व्हायची. शिओमी अधूनमधून म्हणायचा, "थांबा, म्हाताऱ्याला विचारतो," आणि आमच्याच फोनवरून अवाजीला फोन लावायचा. पलीकडून सेन्सेईंचा खणखणीत आवाज मला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा.

मे महिन्यात तेच मशीन पुन्हा समोर आलं, तेच रुपं उजव्या कडेने चढवत. चिदोरीने राजा दुसऱ्या कडेला नेला. समोरच्या टेबलामागचा तरुण खुर्चीत ताठ झाला. मग मारामारी सुरू झाली, आणि मारामारीत चिदोरीशी गाठ होती. घंटी वाजली तेव्हा मिदोरी शेजारच्या माणसाची माफी मागत नाचली. शिओमी बाहेर सिगारेट ओढायला गेला. चिदोरी एकंदरीत नववी आली. पहिल्या दहांत येण्याची ती पहिली वेळ. बक्षीस काही नव्हतं, तांदळाच्या पापड्यांचा डबा मिळाला. तो शिओमीने अवाजीला नेला.

त्यानंतर पाच सहा वर्षं आम्ही जात राहिलो. कधी बारावे, कधी आठवे. मग एक वर्ष असं आलं की नवीन प्रोग्राम आले. त्यांना कुणी नकाशे दिले नव्हते. त्यांच्यापुढे मोठ्या खेळाडूंचे हजारो डाव टाकले होते आणि त्यांनी आपली आपण गुणांची मांडणी करून घेतली होती. चिदोरी त्यांच्यापुढे चाळीस चालीही टिकली नाही. शिओमी एका डावामागे बराच वेळ उभा राहिला. त्या मशीनने सोनं अशा घरात ठेवलं होतं जिथे कुठल्याही गुरूने ठेवू दिलं नसतं, आणि ते तिथे बरोबर होतं.

"हे कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," त्या मशीनचा मालक म्हणाला.

"मग हरल्यावर हे भांडत असेल कुणाशी?"

परतीच्या गाडीत मिदोरीने सांगितलं की चिदोरीला आता इथेच थांबवते. शिओमी म्हणाला, बरं. त्याला वाईट वाटलं का, मला सांगता येणार नाही. मिदोरीला वाटलं होतं. तिने महिनाभर कॉम्प्युटर उघडला नाही, आणि मग पाण्याच्या दाबाचं एक नवंच गणित घेऊन बसली. टेबल पुन्हा जेवायला मोकळं झालं.

कोबाता सेन्सेई ब्याऐंशीव्या वर्षी, कांदे काढून झाल्यावर, झोपेत गेले. शेवटची दोन वर्षं शिओमी आठवड्यातून दोनदा बोटीने जायचा. सेन्सेई इवायाच्या समाजमंदिरात शनिवारी शोगी शिकवायचे, ते वर्ग त्यांच्या मागे त्याने चालवायला घेतले. मी एकदा बघायला गेलो होतो. सात आठ म्हाताऱ्या बायका, एक देवळातला पुजारी आणि पोस्टातून निवृत्त झालेला एक गृहस्थ. पुजारीबुवांनी हत्ती डावीकडे नेला. शिओमीने पटाकडे बघितलं, आणि तसंच खेळू दिलं. मग त्या पोस्टवाल्यांनी चूक केली, आणि डाव संपल्यावर ते उठायला लागले, तेव्हा शिओमीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा," तो म्हणाला. "आता मांडा परत. पहिल्यापासून."

"अहो, बस चुकेल माझी."

"दुसरी येईल," शिओमी म्हणाला, आणि त्याने स्वतःच सोंगट्या मांडायला घेतल्या.